चाकांवरचे बिऱ्हाड

माणूस डोंगरात का जातो, या प्रश्नाला आजवर एक साधे उत्तर होते: चार दिवस घर सुटावे म्हणून. हल्ली हे उत्तर जुने झाले. आता घरच बरोबर घेऊन डोंगरात जायची टूम निघाली आहे. टेम्पोच्या लांबलचक सांगाड्यावर एक खोली चढवायची, तीत गाद्या, शेगडी, फ्रीज, न्हाणी, संडास आणि टीव्ही बसवायचा, नि ते सबंध बिऱ्हाड डिझेल जाळीत घाट चढवून एखाद्या कड्याच्या तोंडाशी नेऊन उभे करायचे. याला कॅरव्हॅन म्हणतात. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने तिच्यासाठी स्वतंत्र पर्यटन धोरणदेखील जाहीर केले. या गाडीला माझा विरोध आहे. साऱ्या जगाचे मी बोलत नाही, आमच्या सातारा-सांगलीच्या सह्याद्रीपुरते बोलतो. आणि हा विरोध ऐकीव नाही. गेल्या मार्गशीर्षात चार दिवस मी तीत बसून हिंडलो आहे.

आम्ही चौघे होतो. एक वकील, एक औषधांचे दुकानदार, एक सहकारी बँकेतून निवृत्त झालेले शाखाधिकारी आणि चौथा मी, मास्तर. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातल्या एकोणचाळीस जागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतल्या चार महाराष्ट्रात आहेत: कास, कोयना, चांदोली नि राधानगरी. चारी एका दमात पाहून टाकायच्या, असा वकीलसाहेबांचा बेत. गाडी भाड्याची होती, बरोबर चालक होता. माणसे भली, खर्च चौघांत वाटलेला, पत्त्यांचा जोड नवाकोरा. तक्रार करावी असे माझ्यापुरते काहीच नव्हते. म्हणूनच जे बोलायचे ते जरा स्वस्थ चित्ताने बोलता येते.

सांगलीहून निघालो नि इस्लामपूरच्या अलीकडेच उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे आमचे घर अडकले. हंगाम ऐन भरात होता. रस्त्याच्या कडेला ऊसतोड्यांच्या खोपी होत्या. बीडकडून दिवाळीच्या सुमाराला निघालेली ही माणसे. भांडीकुंडी, चूल, पोरे, शेरडे, अंथरूण-पांघरूण सगळे ट्रकात घालून येतात आणि हंगाम सरेपर्यंत उघड्या रानात पाचटाच्या खोपीत राहतात. दुकानदार मित्र काच सरकवून कौतुकाने म्हणाले, "मास्तर, बघा! कॅरव्हॅन आपल्याकडं आधीपास्नं हाये की!"

बोलणे थट्टेचे, पण नेमके होते. घरासकट फिरणे या मुलखाला नवे नाही. मेंढरे नि घोडी घेऊन निघालेला धनगर, रस्त्याकडेला पाल ठोकून भाता फुंकणारा घिसाडी, नंदीवाला, वैदू — ही सगळी फिरती बिऱ्हाडेच. पण त्यांच्या पालांशी आपण कसे वागलो? इंग्रजाने १८७१ साली कायदा करून कितीएक भटक्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. स्वराज्य आल्यावर १९५२ साली तो कायदा गेला, पण गावाबाहेर पाल पडले की रात्री चौकशीला जायची खोड अजून गेलेली नाही. "कुठनं आला? किती दिस ऱ्हाणार? उद्या उठायचं हितनं." ज्याला घर नाही म्हणून तो फिरतो, त्याला हा सवाल. ज्याला सांगलीत बंगला आहे नि पुण्यात फ्लॅट आहे, तो तिसरे घर चाकांवर घालून आला की त्याच्यासाठी वीज, पाणी, फाटक नि पहारेकरी असलेले कॅरव्हॅन पार्क! एकाच कृत्याला दोन नावे आहेत. पाल टाकले तर अतिक्रमण, आणि त्याच पालाला एअर कंडिशनर लावला तर पर्यटन.

संध्याकाळी यवतेश्वरचा घाट चढून वर गेलो. घाटमाथ्यावरच्या एका खाजगी प्लॉटात मुक्काम टाकला आणि सकाळी कासला पोचलो. मार्गशीर्षातले कास! पावसाळा सरताना जे पठार निळ्या-जांभळ्या-पिवळ्या गालिच्यासारखे दिसते, ते या दिवसांत काळपट, खरबरीत कातळाचे एक मैदान असते. शाखाधिकारी चहूकडे बघून म्हणाले, "इथं तर काहीच नाही!" चालकही म्हणाला, "हितं गाडी लावायला काय झक्कास जागा हाये, साहेब. एकदम सपाट."

माझ्या मते सगळा रोग या दोन वाक्यांत आहे. आपल्याकडे अशा कातळाला सडा म्हणतात, आणि सातबाऱ्यावर त्याच्या वाट्याला बहुधा पोटखराबा हा शब्द येतो. पिकत नाही ती जमीन खराब, हा महसूल खात्याचा न्याय. पण त्या जांभ्यावर कुठे बोटभर, कुठे वीतभर माती साठलेली असते, आणि तीत सबंध पावसाळ्याचे बी, कंद, गड्डे झोपलेले असतात. पाऊस पडला की त्यातूनच गेंद उठतो, तेरडा येतो, सीतेची आसवे निळी होतात. उथळ डबक्यांत वायतुरा फुलतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, कारण जगात तो या भागातल्या सड्यांवरच सापडतो. टोपली कारवीला तर सात वर्षांतून एकदा मोहोर. हे सगळे आठ महिने दिसत नाही, एवढ्यावरून ते नाही असे ठरवणारा माणूस माझ्या मते शाळेत पुन्हा बसवण्याच्या लायकीचा आहे. रिकामा दिसणारा सडा म्हणजे कुणी तरी आपल्यासाठी सारवून ठेवलेले अंगण नव्हे. चार टनांचे चाक त्या वीतभर मातीवरून एकदा गेले तरी माती दबते, पाणी साचण्याची जागा हलते, नि श्रावणात तिथे काय उगवले नाही हे पाहायला आपण नसतो.

चाकाहूनही मोठी गोष्ट म्हणजे टाकी. या गाडीच्या पोटात दोन टाक्या असतात: एक चांगल्या पाण्याची, दुसरी घाणीची. जाहिरातीच्या चित्रात पहिली असते, दुसरी नसते. चौघांच्या दोन दिवसांच्या वापराने ती दुसरी भरली. दिवे लागल्यावर चालक नळी घेऊन रस्त्याच्या चराकडे निघाला, तेव्हा मी त्याला थांबवले. तो बिचारा वैतागून म्हणाला, "मग कुठं ओतू, सर? जागा दावा." जागा कुणालाच दाखवता येईना. पठाराला लागूनच कासचा तलाव आहे नि त्याचे पाणी सातारकर पितात. सड्यावरच्या सीतेची आसवे, दवबिंदू या वनस्पती किडे खाऊन जगतात, कारण त्या मातीत खायला म्हणून काही नसते. कस नसलेल्या मातीवरच त्यांचा संसार चालतो. तिथे मैल्याचे नि साबणाचे खत पडले की कुठलेही तण माजेल आणि ही नाजूक मंडळी मरतील. शेवटी ते ओझे पोटात घेऊनच आमचे घर घाट उतरून खाली आले, आणि एका लॉजवाल्याने पाचशे रुपये घेऊन आपल्या संडासाच्या टाकीत ते ओतू दिले. आमच्या डोळ्यांदेखत तेवढे झाले. ज्या गाडीत तक्रार करणारा मास्तर नसतो, तिची नळी कुठे रिकामी होते, हा प्रश्न धोरणकर्त्यांनी स्वतःला विचारावा.

आता खरा मुद्दा. डोंगरात जाणारा माणूस आजवर पाहुणा म्हणून जात असे. वाटेत चहा कुणाच्या तरी टपरीवर, जेवण कुणाच्या तरी पडवीत, रात्र कुणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात. त्याला यजमान लागत असे. यजमान लागतो म्हणजे विचारावे लागते, दम धरावा लागतो, पुढ्यात आलेली नाचणीची भाकरी गोड मानून घ्यावी लागते, निघताना काही तरी हातावर ठेवावे लागते. कॅरव्हॅनची सगळी करामत एवढीच, की तिने हा यजमान नाहीसा केला. रस्त्याच्या कडेला एक बाई चुलीवर चहा नि कणसे करत बसली होती. आमचे घर तिच्यासमोर थांबले, आम्ही खाली उतरलो, फोटो काढले आणि आत जाऊन आमच्या शेगडीवर आमचा चहा केला. ती म्हणाली, "दादा, च्या घेताय न्हवं?" शाखाधिकाऱ्यांनी आतूनच हात हलवला. मी जाऊन घेतला, पण माझ्या एका कपाने हिशेब बदलत नाही.

पर्यटनाने गावाला रोजगार मिळतो, असे म्हणतात. मिळतो, आणि तो मिळवण्याची रीतही इथल्या लोकांनी शोधली आहे. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांची समिती वनखात्याच्या बरोबरीने हंगामात पठाराची राखण करते, शुल्क घेते, वाटाड्या देते. दिवसाला तीन हजार माणसांच्या पुढे सोडायचे नाही, असा निर्बंध घातला गेला. बामणोलीचे लोक शिवसागरात होड्या चालवतात नि वासोट्याचा प्रवासी पोचवतात. आमच्यातल्या कुणी वासोटा मनावर घेतला नाही, कारण पुढे होडी नि मग जंगलातली चढण. गाडी तिथे जात नाही. गाडी जाते तेवढाच डोंगर, ही या मंडळींची भूगोलाची व्याख्या. मग खाणे आपले, निजणे आपले, पाणी आपले, वाहन आपले. गावाला काय मिळते? धूळ, आणि वर सांगितलेली दुसरी टाकी.

कोयनानगरला आम्ही एकच रात्र होतो. थंडी होती तरी एअर कंडिशनरवाचून झोप येत नाही असा एक जण आमच्यात निघाला, म्हणून रात्रभर जनरेटर धडधडत राहिला. ज्या खोऱ्याने आपली घरे-शेते पाण्याखाली घालून सबंध महाराष्ट्राला वीज दिली, त्या खोऱ्यात! कोयनेची वीज १९६० च्या दशकात मुंबईकडे गेली. पण जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या वाड्यांना दिवा दिसायला पिढ्या वाट पाहावी लागली. धरणाने उठवलेली माणसे सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली. जी राहिली त्यांची घरे १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटे भूकंपाने पाडली. अशा गावात जनरेटर लावून बसताना निदान आवाजाची तरी शरम वाटावी.

आणि चांदोली. हे नाव घेतले की माझा तोल जरा ढळतो, वाचकांनी सांभाळून घ्यावे. वारणेवर धरण झाले, १९८५ साली अभयारण्य, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, २०१० साली कोयना नि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. प्रत्येक तारखेबरोबर माणूस एकेक पाऊल खाली ढकलला गेला. झोळंबी, रुंदीव, गोठणे ही नकाशावर अजून दिसणारी नावे. गावे मात्र उठली. जंगल राखले पाहिजे हे मलाही मान्य आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबातून एक वाघीण आणून इथे सोडली, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. पण त्या वाघिणीच्या रानाची किंमत कुणी भरली, हे विसरता येत नाही. माझ्या वर्गात वसाहतीतली मुले असतात. वर्षारंभी मी हजेरीच्या वेळी गाव विचारतो. बाकीची पोरे गाव सांगतात. ही पोरे उलट विचारतात, "जुनं का नवं, गुरुजी?" त्यांतल्या कितीएकांच्या बापांनीही ते जुने धड पाहिलेले नाही. पुनर्वसनाच्या जमिनी, पाणी, सातबारे यांसाठी श्रमिक मुक्ती दलाने नि डॉ. भारत पाटणकरांनी किती वर्षे, किती मोर्चे, किती ठिय्ये केले, हे या दोन जिल्ह्यांत कुणाला सांगावे लागत नाही.

मणदूरला एक म्हातारा भेटला. देव वर राहिला आहे, वर्षातून एकदा नारळ द्यायला जातो म्हणाला. जायला कागद लागतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवान्यावाचून आत पाऊल टाकता येत नाही आणि ज्याची जमीन शासनजमा झाली त्याचा रहिवासाचा हक्क उरत नाही. कायदा चूक आहे असे मी म्हणत नाही. म्हातारा आमच्या गाडीभोवती एक फेरी घालून आला, आत डोकावला, गादी दाबून पाहिली आणि म्हणाला, "ह्ये बरं हाये. घर उचलून आनता येतं म्हंजे." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला उठवला तेव्हा घर उचलून नेता आले नव्हते, वासे तेवढे नेले होते. वकीलसाहेब त्यानंतर बराच वेळ बोलले नाहीत. ते मोठ्या मनाचे गृहस्थ आहेत.

ज्यांची घरे रानातून काढली त्यांना परवाना, आणि ज्यांची घरे शहरात शाबूत आहेत त्यांचे जादा घर रानाच्या वेशीवर वस्तीला! आमच्या डोंगरातले गवळी धनगर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी घेऊन या सड्यांवर राहिले. त्यांची चराई बंद झाली ती जंगलाला त्रास होतो म्हणून. म्हशीचा त्रास होतो नि जनरेटरचा होत नाही, हे प्राणिशास्त्र मला तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात आढळले नाही.

कुणी म्हणेल, मास्तर, हे तुमचे खेड्यातले रडगाणे झाले. पुढारलेल्या देशांत जाऊन पाहा, अमेरिकेत घरटी अशा गाड्या आहेत. बरे, अमेरिकेचेच पाहू. जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान, यलोस्टोन, तिथे १८७२ साली झाले आणि तिथूनही मूळच्या शोशोनी आदी लोकांना बाहेर काढले. म्हणजे उद्यान नि उठवणूक ही जोडी तिकडचीच. पण त्याच देशात मोंटानाच्या ग्लेशियर उद्यानातून जो प्रसिद्ध डोंगरी रस्ता १९३३ साली खुला झाला, त्याच्या माथ्याकडच्या भागात एकवीस फुटांहून लांब गाडी जाऊ देत नाहीत. झायन नावाच्या उद्यानात २००० सालापासून हंगामात खोऱ्याच्या रस्त्यावर खाजगी मोटारी बंद. सगळ्यांनी उद्यानाच्या बसमधून जायचे. एडवर्ड ॲबी नावाचा लेखक, जो स्वतः उद्यानात पहारेकरी होता, त्याने १९६८ सालीच लिहून ठेवले की उद्यानांतून मोटारी बाहेर काढा. ज्यांनी हे खूळ काढले ते त्याला डोंगराच्या पायथ्याशी अडवू लागले, आणि आम्ही आता त्याला औक्षण करून वर नेतो आहोत. तिकडचा जुना कोट इकडे दिवाळीला नवा म्हणून विकायची आपली सवय फार जुनी आहे.

एका आक्षेपाला मात्र मी मान देतो. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी तो घेतला. त्या म्हणाल्या, "तुम्हा पुरुषांचं ठीक आहे, ओसरीवर झोपाल नि आडोशाला जाल. आम्ही बायकांनी आणि म्हाताऱ्या सासूनं या वाटेनं जायचं कसं? त्या गाडीत निदान स्वच्छ संडास तरी आहे." खरे आहे. घाटमाथ्यांवरची स्वच्छतागृहे ही आपल्या नागरिकपणाची उघडी बेअब्रू आहे. पण मग याला उत्तर काय? लाखो रुपयांच्या गाडीत चौघांपुरता एक संडास, की बामणोलीला, कोयनानगरला, मणदूरला, जिथे एस.टी. थांबते तिथे सगळ्यांपुरते चार, पाणी नि राखणदारासह? धोरणाला हात घालायचा तर तो इथे घालावा. तो चहावाल्या बाईच्याही उपयोगी पडेल. ती दिवसभर रस्त्यावर बसते. तिने कुठे जावे, हे कुठल्या पुस्तिकेत छापलेले नाही.

हे सगळे आजच लिहायचे कारण आहे. सातारा, जावळी, पाटण या तालुक्यांतली सुरुवातीला २३५ गावे धरून 'नवीन महाबळेश्वर' नावाचे गिरिस्थान आखायचे काम रस्ते विकास महामंडळाकडे सोपवले गेले आहे. जुन्या महाबळेश्वराची मे महिन्यातली वाहनांची रांग ज्याने वेण्णा तलावाजवळ उन्हात उभे राहून पाहिली, त्याला नव्याची कल्पना करायला नकाशा लागणार नाही. रस्ते रुंद होतील, रुंद रस्त्यावरून लांब गाड्या येतील, लांब गाड्यांना सपाट जागा लागेल, आणि सपाट जागा म्हणजे सडे. 'इथे तर काहीच नाही' हे वाक्य मग शाखाधिकारी म्हणणार नाहीत, अभियंते म्हणतील. आणि ते लिहून ठेवतील.

म्हणून या गावांच्या ग्रामसभांना माझे सांगणे आहे. पंचायत राज्याने ठरावाचा हक्क दिला आहे, तो वापरावा. चाकांवरचे घर सड्यावर आणि तलावाकाठी मुक्कामाला राहणार नाही, असा ठराव करावा. घाणीची टाकी कुठे ओतणार ती जागा लेखी दाखवल्याशिवाय ते गावाच्या हद्दीत येणार नाही. येणाऱ्याने रात्र काढायची तर गावातल्या घरी, ठरवलेल्या दराने, आणि त्या दरातला एक हिस्सा ज्यांचे गाव उद्यानासाठी उठले त्यांच्या वसाहतीकडे जाईल. देवाला जाणाऱ्या जुन्या गावकऱ्याचा परवाना बाहेरून आलेल्याच्या आधी निघेल. यातले शेवटचे कलम ग्रामसभेच्या हातात नाही, वनखात्याच्या आहे, हे मला ठाऊक आहे. तरी ते ठरावात घालावे, आणि त्याची एक प्रत मंत्रालयात नि एक मणदूरच्या फाटकावर चिकटवावी.

राधानगरी आमची राहिली. वकीलसाहेब पुढल्या महिन्यात पुन्हा जाऊ म्हणतात, या खेपेला एस.टी.ने. दुकानदार मित्रांचा अजून होकार आलेला नाही.